मान, माटोळी आणि मधलं बोट

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी उठलो तर उजव्या हाताचं मधलं बोट बधिर. रात्री हात अंगाखाली सापडला असेल म्हणून झटकला, चोळला, गरम पाण्यात धरला. बाकीची बोटं ठीक, अंगठा ठीक, फक्त मधलं बोट रबरी मोजा चढवल्यासारखं. दुपारपर्यंत उजव्या खांद्याच्या मागून एक ठणका निघाला आणि दंडाच्या मागच्या बाजूने थेट त्या बोटापर्यंत उतरू लागला. दाढ ठणकते ना, तसा. फक्त हातभर लांब.

बायको म्हणाली, "उजवा हात आहे, म्हणजे हार्ट नव्हे." तेवढ्यावर मी निर्धास्त झालो, जे चूक होतं. हृदयाचं दुखणं उजव्या हातातही येऊ शकतं, हे मला नंतर ईसीजी काढताना कळलं. ईसीजी चांगला आला. मग दुखणं कशाचं?

मी फोंड्याहून पणजीला रोज कदंबाने जातो. बसायला जागा मिळाली की डुलकी काढायची ही नोकरीला लागल्यापासूनची सवय. मान एकदा छातीवर, एकदा शेजाऱ्याच्या खांद्यावर. त्या दिवसांत मात्र जागा रिकामी असली तरी मी उभा राहू लागलो, कारण वरचा दांडा धरून हात डोक्यापेक्षा उंच गेला की ठणका निम्मा व्हायचा. हे कसं काय ते कळेना. ऑफिसात दांडा नाही, म्हणून उजवा हात डोक्यावर ठेवून बसू लागलो. डाव्या हाताने फाईल उलटायची, उजवा डोक्यावर. आमच्या सेक्शनमध्ये विनोदाला तोटा नसतो. "काय रे, मार्च तर कधीच संपला, अजून डोक्याला हात लावून बसलायस?" असं दिवसातून चारदा तरी ऐकावं लागे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हात डोक्यावर घेतला की मानेतून निघणाऱ्या नसेवरचा ताण सैल होतो, आणि रोगी न सांगता तसा बसलेला दिसला की त्यांचं निम्मं निदान दारातच होतं. म्हणजे आमचं सेक्शन ज्याला हसत होतं ते लक्षण होतं.

पहिल्या डॉक्टरांकडे गेलो ते आमच्याकडे पाहण्याआधी एमआरआयकडे पाहणारे निघाले. एमआरआयचं काय सांगावं! त्या नळीत पडून राहिलं की शिगम्याचं रोमटामेळ डोक्यावरून चाललंय असं वाटतं, फक्त ताल नसलेलं. रिपोर्टात लिहून आलं की सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली डिस्क उजव्या बाजूला मागे सरकली आहे आणि तिथून निघणाऱ्या नसेला दाबते आहे. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, दोन मिनिटांत खाली ठेवली आणि ऑपरेशनची तारीख पाहायला डायरी उघडली. माझ्या हाताला त्यांनी हात लावला नव्हता.

आता माझ्या पोटात गोळा का आला ते सांगतो. मी पेटी वाजवतो. कोणी मोठा वादक नव्हे, गावच्या भजनी मंडळातला. वडील वाजवायचे, त्यांच्या मागे माझ्याकडे आली. चवथीच्या दिवसांत आमचं पथक वाड्यावरच्या घराघरांत आरत्या आणि भजन करत फिरतं, शेवटचं घर होईस्तो रात्रीचे दोन वाजतात. पेटीवर मधलं बोट म्हणजे घरातला कर्ता माणूस. ते नसेल तर बाकीची चार नुसती इकडेतिकडे पळतात. त्या बोटाखाली पट्टी दाबली गेली की नाही हेच मला कळत नव्हतं, आवाज आला की समजायचं, दाबली. आणि चवथ आली होती तीन महिन्यांवर.

घरी येऊन ऑपरेशनचं सांगितलं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच देवळात गेली आणि कौल लावून आली. आमच्या गोंयकारांना कौल समजावून सांगायला नको. देवाला फुलांच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते ते बघायचं. आईने विचारलं होतं, ऑपरेशन करू काय? पाकळी डावीकडची पडली, म्हणजे नको. मी बीए केलं ते मराठी साहित्यात, विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला, तरी एवढं कळत होतं की नसेवर सरकलेल्या डिस्कचा निर्णय पाकळीवर सोडता येत नाही. पण मी सरकारी माणूस. एका सहीवर मोठी फाईल पुढे जात नाही हे अंगवळणी पडलेलं. म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांची सही घेऊ.

हे दुसरे डॉक्टर वयस्क. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि मला शर्ट काढायला लावला. मान वर करून उजवीकडे वळवायला सांगून डोक्यावर हलकेच दाब दिला, तर ठणका विजेसारखा बोटात. कोपरावर रबरी हातोडी मारली. डावा हात उडाला, उजवा जेमतेम हलला. मग म्हणाले, "माझा हात ढकला." डाव्याने ढकलला. उजव्याने ढकलायला गेलो तर कोपर मुकाट्याने वाकलं. तेव्हा लक्षात आलं की गेले आठ दिवस स्कूटर स्टँडवर घेताना आणि बाथरूमचं दार ढकलताना मला जड का जात होतं. दंडाच्या मागच्या स्नायूला जाणारी नस आणि मधल्या बोटाची संवेदना घेऊन येणारी नस एकच, मानेतली सातवी. मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ, हेही मला तिथेच कळलं. पहिल्या दोन मणक्यांच्या मध्ये डिस्क नसते, बाकी सगळीकडे असते.

डिस्क म्हणजे काय हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी घरी येऊन ते पातोळीत भाषांतरित केलं. बाहेरून तांदळाच्या पिठाचं आवरण, आत गुळखोबऱ्याचं चून. पातोळी ताजी असताना आवरण मऊ असतं, दाबलं तरी सांभाळून घेतं. वय झालं की ते कोरडं पडतं, चिरतं, आणि रोज एकाच बाजूने दाब पडत राहिला तर चून दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. मानेच्या डिस्कला ही बाहेर यायची वाट बहुतेकदा मागे आणि बाजूला, नेमकी जिथून नस निघते तिथे. डिस्क अशी फुटून नस दाबू शकते हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली लिहून दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं माणसांचे हातपाय ठणकतच होते, फक्त दोष वाताला नाहीतर कोणाच्या तरी नजरेला जात होता.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला कोणीच सांगितली नव्हती. हे बाहेर आलेलं चून पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. म्हणून ताकद भराभर जात नसेल तर सहा ते बारा आठवडे थांबून व्यायाम करून बघता येतं. थांबायचं म्हणजे नुसतं पडून राहायचं नाही. मग त्यांनी बोटं मोडत बजावलं, शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, चालताना पाय लटपटू लागले, लघवीवरचा ताबा गेला किंवा हाताची ताकद दिवसागणिक कमी झाली तर त्याच दिवशी यायचं, व्यायाम बियाम बाजूला. कारण मग दाब नुसत्या नसेवर नाही, मज्जारज्जूवर पडतोय किंवा नस कायमची जायच्या बेतात आहे, आणि तिथे ऑपरेशनच लागतं. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही. त्यांनी हात तपासला असता आणि तरीही तेच सांगितलं असतं, तर कदाचित मी तारीख घेऊन आलो असतो.

जाता जाता त्यांनी विचारलं, "मान कुठे मोडून घेतली होती काय?" मी खाली बघितलं. दुखणं सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी मान आखडली होती म्हणून केस कापताना न्हाव्याकडून कडकन दोन्ही बाजूंनी मोडून घेतली होती. किती बरं वाटलं होतं तेव्हा! त्यामुळेच हे झालं असं त्यांनी म्हटलं नाही. पण मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, अशा झटक्याने त्या आतून फाटून माणसाला झटका आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, असं म्हणाले. आता केस कापायला बसलो की आधी सांगतो, डोक्याला तेल लाव हवं तेवढं, मानेला हात लावू नको.

फिजिओथेरपीची खोली फोंड्यातच, वरच्या मजल्यावर. तिथली मुलगी काणकोणकडची, वय माझ्या भाचीएवढं. पहिल्याच दिवशी मला आरशासमोर आडवं उभं केलं. "भाई, मान उबी दवरात." मी ठेवली. "ही उबी न्हय." खरंच नव्हती. माझं डोकं धडाच्या पुढे चार बोटं निघालेलं, कासव कवचातून बाहेर बघतं तसं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते मणक्यांवर सरळ टेकलेलं असलं तर मणके पेलतात. जसजसं पुढे झुकतं तसतसं मागच्या स्नायूंना लगाम ओढून धरावा लागतो. हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या एका सर्जनने २०१४ साली गणित मांडलं की डोकं साठ अंशांत खाली झुकलं की मानेवर पडणारा भार सत्तावीस किलोंच्या आसपास जातो. ते कागदावरचं गणित, जिवंत मानेत मोजलेलं नव्हे. पण मोबाईलवर बोट फिरवत बसणाऱ्या माझ्या पोराला मी ते पुन्हा पुन्हा ऐकवतो.

इथे एक अवांतर. आपल्या भाषेत मान या शब्दाला दोन अर्थ, एक शरीराचा आणि एक प्रतिष्ठेचा. ताठ मानेने जगावं म्हणतात आणि नोकरीत मान खाली घालून काम करावं म्हणतात. मला दुसरं जमलं. माझ्या एका जुन्या साहेबांनी तर तोंडावर शाबासकी दिली होती, "हा माणूस मान वर करत नाही, फाईल संपवतो." घरी येऊन ती शाबासकी मी कौतुकाने सांगितली होती. बावीस वर्षं मान वर न करण्याचा एमआरआय आता कपाटात ठेवला आहे.

तर व्यायाम. कोणाला वाटेल वजनं उचलायची, घाम गाळायचा. पहिला व्यायाम इतका क्षुल्लक होता की फी परत मागावीशी वाटली. सरळ बसायचं, नजर समोर, आणि हनुवटी न वाकवता सरळ मागे न्यायची, आपलं टेबलाचं ड्रॉवर ढकलतो तशी. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली पाहिजे. क्षणभर थांबायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दर दोन तासांनी. पहिल्या दिवशी सात-आठ वेळा केलं आणि मानेत पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागलं. घाबरून दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं तर तिने उलट विचारलं, "आनी बोट कशें आसा?"

बोटाचा ठणका? तो कोपरापर्यंतच येत होता.

"मागीर भियेनाकात," ती म्हणाली. दुखणं बोटाकडून कोपराकडे, कोपराकडून खांद्याकडे, खांद्याकडून मानेकडे सरकत असेल तर ते घरी परत चाललंय, मग मान थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट मान हलकी वाटते पण ठणका पुन्हा बोटात उतरतोय, असं झालं तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा. मला हे फार पटलं. आपण दुखणं किती आहे तेवढं बघतो, ते कुठे आहे हे बघत नाही.

या विचारामागे एक गोष्ट आहे. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली त्यांच्याकडे पाय दुखणारा एक पेशंट यायचा, ज्याला ते स्मिथ म्हणत. त्याला आत जाऊन पालथं पडायला सांगितलं. पलंगाचा डोक्याकडचा भाग आधीच्या पेशंटसाठी उचललेला होता, तो खाली करायचा राहिला होता. बिचारा स्मिथ तसाच, कंबर उलटी वाकवून, पडून राहिला. मॅकेन्झी आले, बघून हादरले, कारण त्या काळी अशी कंबर वाकवणं घातक समजत. आणि स्मिथ म्हणाला, पाय कित्येक आठवड्यांत इतका बरा नव्हता. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणून गप्प बसला असता. मॅकेन्झींनी मात्र त्यावर पुढचं आयुष्य घालवलं, आणि १९८३ साली मानेसाठी, रोग्यानेच वाचून करावं असं एक पुस्तकही काढलं. सरकारी खात्यात अशी चूक झाली असती तर पलंग कोणी खाली केला नाही याची मेमो निघाली असती आणि प्रकरण तिथेच बंद झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून दुसरा व्यायाम. उताणं पडायचं, मानेखाली घडी केलेला पातळ टॉवेल, आणि "होय" म्हणताना मान हलवतो तशी हलवायची, पण इतकी बारीक की समोरच्याला दिसू नये. दहा सेकंद धरायचं. मी म्हटलं, बाई, हा व्यायाम मी रोज साहेबांच्या केबिनमध्ये करतो. ती हसली, पण बोट माझ्या गळ्यावर ठेवून म्हणाली की तुमचे वरचे स्नायू जोर लावताहेत, आतले झोपलेत. घशाच्या मागे, मणक्यांना चिकटून जे खोल स्नायू असतात ते दुखण्यात आळशी होतात आणि बाहेरचे मोठे स्नायू त्यांचं काम ओढत बसतात. थोडक्यात आमचं ऑफिस. झोपलेल्यांना जागं करायचं तर मोठ्यांना आधी गप्प करावं लागतं. दहा सेकंदांचा तो "होय" नीट जमायला मला दोन आठवडे लागले.

पुढे खांद्याची पाती मागे मिळवून धरायचे व्यायाम आले, मग दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ओढणं, मग डोक्याला स्वतःचाच तळहात लावून मान न हलवता ढकलणं. दंडाच्या स्नायूसाठी भिंत ढकलणं. एक व्यायाम नस मोकळी करायचा, हात बाजूला पसरून मनगट वर-खाली करायचं. तो हावरेपणाने जास्त केला की रात्री जाब द्यावा लागतो, मी दिला. आणि रोज अर्धा तास चालणं. गळपट्टा मी आधीच विकत घेऊन ठेवला होता, तो सुरुवातीच्या काही दिवसांत बसमध्ये तेवढा लावला आणि मग काढला. झोपताना उशी एकच, तीही मान आणि खांद्यामधली पोकळी भरेल एवढी. पालथं झोपणं बंद. हे सगळं लिहितो आहे ते वाचून कोणी आपल्या मानेवर करू नये. माझी डिस्क उजवीकडे सरकलेली, तुमची कुठे ते तपासणाऱ्या माणसाला विचारा.

मधे एकदा मन फिरलं. रात्री जागून वाचत होतो, तर नेदरलँड्समधला २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हाती लागला. असंच नवं दुखणं असलेले दोनशे पाच रुग्ण. काहींना गळपट्टा आणि विश्रांती, काहींना सहा आठवडे फिजिओथेरपी आणि घरी व्यायाम, काहींना काहीच नाही, नुसती वाट बघा. पहिल्या सहा आठवड्यांत गळपट्टावाले आणि व्यायामवाले दोघांचं दुखणं वाट बघणाऱ्यांपेक्षा लवकर उतरलं. पण सहा महिन्यांनी बघितलं तर तिन्ही सारखेच! मी ते छापून घेऊन गेलो. म्हटलं, मग मी हे ड्रॉवर ढकलणं कशासाठी करतोय? ती रागावली नाही. म्हणाली, भाई, तुमची चवथ सहा महिन्यांनी आहे की आता? आणि दंडाला जोर कोण आणणार, गळपट्टा?

या सगळ्यात आईकडे माझं लक्ष नव्हतं. ती मात्र रोज बघत असायची. मी दिवेलागणीला ओसरीवर खुर्चीत बसून हनुवटी मागे न्यायचो आणि ती समोर आदोळीवर नारळ खवत, मान खाली. एकदा मी गमतीने म्हटलं, "आई, ती मुलगी म्हणते डोक्यावर कळशी आहे असं समजून बसा. तुला तर हे शिकवायला नको." आमच्या आईची चाल अजून सरळ आहे. लहानपणापासून विहिरीवरून पाणी आणलेलं, भाताचे भारे वाहिलेले. आमचं हे घर बांधलं १९८३ साली, मी चार-पाच वर्षांचा होतो. रस्त्यापासून घरापर्यंत चिरे तिनेच डोक्यावरून आणले, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो. मलाही ती डोक्यावर चुंबळ ठेवून येताना आठवते, अंधुक.

ती खवायची थांबली. म्हणाली, "कळशीचं सोड. चिऱ्यांनी मान गेली माझी."

म्हणजे काय, विचारलं. तर तिच्या उजव्या हाताला गेली कित्येक वर्षं रात्री मुंग्या येतात. मध्यरात्री उठून ती हात डोक्यावर घेऊन बसते, तेव्हा कुठे झोप लागते. घर बांधून झालं त्या पावसाळ्यात सुरू झालं, मधे राहिलं, पुन्हा आलं. वडिलांना सांगितलं होतं काय? सांगितलं होतं, त्यांनी तेल आणून दिलं. मला? मला कशाला सांगायचं, मी शाळेत होतो, मग कॉलेजात होतो, मग नोकरी लागली.

मी ऑफिसात हात डोक्यावर घेऊन बसलो तर सेक्शन हसलं, डॉक्टरांनी पुढे समजावलं, मी ते चार जणांना रंगवून सांगितलं. आणि घरात एक बाई चाळीस वर्षं तशीच बसत होती. मी काही बोलू शकलो नाही. ती पुन्हा खवायला लागली. डोक्यावर ओझं वाहिलं की मान मजबूत होते असं आपण धरून चालतो, कारण ओझ्याखालची मान ताठ दिसते. ताठ दिसण्याचं आणि आत मणके झिजण्याचं एकमेकांशी वाकडं नाही.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन गेलो. यायला तयार नव्हती, "आता कशाला" हे तिचं ठरलेलं. कौल लावू काय म्हटल्यावर मात्र माझ्याकडे रोखून बघितलं आणि लुगडं बदलायला गेली. त्याच वयस्क डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला. मणके झिजलेले, कडांना हाड वाढलेलं. हातांची ताकद आहे, चालणं ठीक आहे, मज्जारज्जूला धोका दिसत नाही. तिच्या वयाला आणि हाडांना माझे व्यायाम चालणार नाहीत, तिचे वेगळे, हळू, खुर्चीत बसून. फिजिओच्या मुलीने तिला "मान उबी दवरात" म्हणायच्या आधीच आईने ठेवली होती. मुलगी म्हणाली, "आतां मात्शी सैल सोडात." आईला नेमकं तेच येईना.

नारळ खवायचं यंत्र आणलं, मिक्सरला जोडायचं. आई ते वापरत नाही, चून जाड येतं म्हणते. मग आदोळी उंच पाटावर ठेवून ती स्टुलावर बसते, एवढ्यावर तडजोड झाली. माझ्या पेटीचंही तेच केलं. जमिनीवर मांडी घालून पेटीवर ओणवं होऊन वाजवायची आमच्याकडची पद्धत. आता पेटीखाली दोन पाट असतात आणि पट्ट्या न बघता वाजवायची सवय लावतोय. वडील पट्ट्यांकडे कधीच बघत नसत, हे मला तेव्हा खुपायचं.

चवथ सात सप्टेंबरला होती, व्यायाम सुरू करून बारा आठवडे झाले होते. ठणका मानेशी येऊन थांबला होता, कधीतरी खांद्यापर्यंत डोकावून परत जायचा. दंडाचा जोर बराचसा आला होता. फक्त मान वर करून उजवीकडे बघितलं की अजून वीज चमकायची, आणि माटोळी बांधायची म्हणजे तासभर तेच. आजवर माटोळी मीच बांधत आलोय. घागऱ्या, कांगल्या, माट्टुळां, सुपारीचे घोस, नारळाची पेंड, प्रत्येकाची जागा ठरलेली, कोणी हात लावलेला मला चालत नसे. यंदा मुलगा स्टुलावर चढला आणि मी खाली उभा राहून, मान सरळ ठेवून, सूचना देत राहिलो. त्याने सुपारीचा घोस चुकीच्या कोपऱ्यात बांधला. मला तो दिसला नाही, कारण वर बघायची मला परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दाखवला.

रात्री भजनाला गेलो. पहिल्या तीन घरांत पेटी पथकातल्या दुसऱ्या एकाकडे दिली, चौथ्या घरी माझ्याकडे घेतली. मधल्या बोटाच्या टोकावर अजून तांदळाएवढी जागा बधिर होती, अजूनही आहे. तिथे पट्टी लागली की कापडातून दाबल्यासारखी लागते. दोन आरत्या आणि एक अभंग निभावला. त्यापुढे हात जड झाला म्हणून ठेवली. आईही त्या घरी आली होती, बायकांत दाराशी बसली होती. मधे एकदा पेटीवरून नजर वर गेली तर ती माझ्याकडे बघून स्वतःच्या हनुवटीला बोट लावून मागे ढकलत होती. मी पुन्हा पुढे झुकलो होतो.